बघूशेठ आणि होडीचं चाक

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला धक्क्यावर सगळे बघूशेठ म्हणतात. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच: बघू. जाळं बदलायचं का? बघू. जेवायला बसायचं का? तेही बघू. एकदा दाढ सुजली होती तेव्हा दातांच्या डॉक्टरनं काढू का म्हणून विचारलं, तर हा माणूस वासलेल्या तोंडानं बघू म्हणाला, आणि डॉक्टरला ते हो वाटलं म्हणून दाढ निघाली. नाहीतर अजून तोंडात असती.

मी त्यांचा मेहुणा. धक्क्यामागच्या शेडमध्ये लहान होड्या बांधतो, फायबरच्या. माझा स्वभाव भाऊजींच्या अगदी उलट. चहा उकळेपर्यंतसुद्धा मला धीर धरवत नाही. त्यामुळे त्यांची होडी तळ बदलायला माझ्या शेडमध्ये आली तेव्हाच मला कळलं होतं, की आता आपलं रक्त आटणार.

अडलं होतं एकाच गोष्टीवर, होडीला हँडल ठेवायचं की चाक बसवायचं. लहान होडी या दोन तऱ्हांनी चालते. हँडल इंजिनाच्या डोक्यालाच जोडलेलं असतं. माणसानं होडीच्या मागच्या टोकाला बसायचं, हात पाठीमागे न्यायचा आणि इंजिनच इकडून तिकडे फिरवायचं. त्यातही उलटा कारभार. हँडल उजवीकडे ढकललं की होडी डावीकडे वळते. चाकाचं तसं नाही. होडीच्या मध्यावर कमरेएवढा खोका उभा करतात, त्याला कन्सोल म्हणतात, आणि त्यावर मोटारीसारखं स्टिअरिंग. चाक जिकडे, होडी तिकडे. उभं राहून चालवता येतं, समोरचं दिसतं. पण खोका जागा खातो, आणि भाऊजी समुद्रावर एकटेच जातात. एकट्या माणसाला जाळं ओढताना वीतभर जागासुद्धा सोन्याची. चाकाच्या तारा तळाखालून जातात, म्हणून नवा तळ बसवण्याआधी मला उत्तर हवं होतं. उत्तर काय आलं असेल ते सांगायला नकोच.

भाऊजी हँडलचे, हे सगळ्या धक्क्याला माहीत. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या हातात हँडल दिलं तेव्हापासून त्यांनी दुसरं काही धरलेलं नव्हतं. दोन्ही हात जाळ्याला लागले की ते गुडघ्यानं हँडल दाबत, कधी कंबर टेकवत, आणि तरी होडी आखल्यासारखी सरळ जाई. मी स्वतः काम टाकून ते बघत उभा राहिलो आहे, आणि मी कोणासाठी सहसा काम टाकत नाही. ते म्हणायचे, हँडल धरलं की खालचं पाणी हाताला कळतं. चाकाला काय कळतंय.

चाकासाठी हट्ट धरून बसली होती ती माझी ताई. का, ते ती धड सांगत नव्हती. मग एकदा शेडमध्ये डबा द्यायला आली आणि पिंपावर बसून बोलली. भाऊजी चहाचा कप डाव्या हातानं धरायला लागले होते. शर्टाची बटणं लावून घ्यायला तिच्यापुढे येऊन उभे राहत होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा लाडात आला म्हणून ती आधी लाजली होती म्हणे. मग तिला शंका आली. हाताला काही होतंय का विचारलं, तर म्हणाले काही नाही, झोपेत अवघडला असेल. मला ताईचाच राग आला, की इतके दिवस गप्प का बसलीस. ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू धक्काभर आरडाओरडा केला असतास. ते खरं होतं.

आरडाओरडा न करता मी एक युक्ती केली. धक्क्यावरचा बर्फवाला मोठ्या बोटींना बर्फ पोचवायला चाकाची लहान होडी वापरतो. ती मागून घेतली आणि भाऊजींना म्हटलं, नुसती एक चक्कर मारा, मग तुमचं काय ते बघू. त्यांचाच शब्द वापरल्यावर बिचारे नाही कसे म्हणणार?

मोकळ्या पाण्यात ठीक चाललं होतं. परत येताना धक्का जवळ आला, होडी डावीकडे घ्यायची होती, आणि आयुष्यभराची सवय आड आली. त्यांचा हात उजवीकडे गेला. हँडल असतं तर होडी डावीकडे वळली असती. चाकानं सांगितलेलं ऐकलं आणि आम्ही सरळ धक्क्याच्या भिंतीवर गेलो. भाऊजींनी पुढे होऊन उजव्या हातानं भिंत ढकलली म्हणून होडी नुसती घासून निघाली. वर उभे असलेले लोक पोट धरून हसले. नाचता येईना अंगण वाकडं तसं भाऊजी चाकालाच नावं ठेवायला लागले, की हे चाक उलटं बसवलंय.

मीही हसत होतो. तेवढ्यात माझं लक्ष चाकाकडे गेलं. पांढऱ्या चाकावर लाल बोटं उमटली होती. धक्क्याच्या भिंतीला शिंपले चिकटलेले असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या. दोन बोटं चांगलीच चिरली होती, रक्त मनगटापर्यंत आलं होतं, आणि भाऊजी त्याच हातानं चाक धरून बर्फवाल्याला शिव्या घालत होते.

"भाऊजी, हात," मी म्हटलं.

"काय झालं हाताला?" त्यांनी खाली पाहिलं. हात उलटसुलट करून पाहिला. "कळलंच नाही," ते म्हणाले.

ज्या हाताला पाणी कळतं असं ते सांगायचे, त्याला स्वतःचं रक्त कळत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, भाऊजींनी ती कधीपासून झाकून ठेवली होती कोण जाणे.

मी त्यांना तसाच दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. बोटांना टाके घातले आणि मग डोळे मिटायला सांगून त्यांनी एकेका टोकावर सुई टेकवली. भाऊजी दर वेळी नाही म्हणाले. बाईंनी विचारलं, रोज काय धरता या हातानं? इंजिनाचं हँडल, असं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. इंजिनाची थरथर वर्षानुवर्षं हातात जाते, त्यानं बोटं बधिर होतात. ती बंद केली तर बरं वाटेल, बहुतेक, पण वेळ लागेल. बोटं जागी झाली नाहीत, तर दुखणं मानेत आहे असं धरून पुढच्या तपासण्या. हँडल मात्र यापुढे नाही. आणि ज्या हाताला दोरी ताणलेली कळत नाही, त्या हातानं एकट्यानं जाळं टाकायला जायचं नाही. पाण्यात ओढले जाल आणि वर बातमीसुद्धा येणार नाही.

घरी आल्यावर दारात भाऊजी थांबले आणि मला म्हणाले, "चाक बसव. बोटं जागी झाली तर मी चालवीन, नाही झाली तर होडी विकून टाक." आयुष्यात पहिल्यांदा या माणसाच्या तोंडून बघू निघालं नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

मी कामाला लागलो. खोका मध्यावर न ठेवता उजव्या बाजूला सरकवला, अरुंद केला, म्हणजे जाळं ओढायला डावी बाजू मोकळी राहिली. घरी ताईनं वेगळीच शाळा काढली होती. भाऊजींना स्टुलावर बसवायची, हातात मोठ्या पातेल्याचं झाकण द्यायची आणि भाजी चिरता चिरता हुकूम सोडायची, डावीकडे, उजवीकडे, धक्का आला, वळा. सुरुवातीला ते झाकण घेऊन रोज भिंतीवर आदळत होते. जित्याची खोड ती. पण हळूहळू झाकण बरोबर वळायला लागलं. रोज रात्री जेवण झालं की ताई त्यांच्या बोटांची टोकं चिमटून बघायची. ते नाही म्हणायचे. ती ठीक आहे म्हणून भांडी घासायला उठायची आणि नळ जरा जास्तच जोरात सोडायची.

होडी तयार झाली त्या दिवशी दोघं शेडमध्ये आली. खरं सांगायचं तर मला तो दिवस नको होता. होडी कोणाला विकायची याचा विचार मी मनात सुरू केला होता आणि स्वतःलाच शिव्या देत होतो. भाऊजी होडीत चढले, चाकामागे उभे राहिले. चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. मग खोक्याच्या कडेवरून उजवा हात फिरवत खाली नेला आणि थांबले.

"मेहुणे, इथं घासायचं राहिलंय," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. माझ्या फिनिशिंगला आजवर कोणी बोट लावलेलं नाही. मी तिथूनच सुनावलं, की तीनतीनदा पॉलिश पेपर मारलाय, फुकटात काम होतंय तर खोड्या काढू नका, आणि तुमच्या हाताला काय कळणार आहे.

बोलून गेलो आणि जीभ चावली. पण भाऊजी रागावले नव्हते. ते पुन्हा तिथंच बोट घासत होते.

"राहिलंय रे," ते म्हणाले. "फायबरचं कुसळ आहे. टोचतंय."

मग ताई साडी सावरत होडीत चढली. तिनं त्यांचा हात ओढून घेतला, डोळे मिटा म्हणाली, आणि केसांतली पिन काढून एकेक बोट टोचत गेली. करंगळीला ते नाही म्हणाले. बाकी प्रत्येक बोटाला आई गं म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "पुरे आता, रक्त काढशील." ताई हसता हसता तिथंच फळीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. माझा जीव भांड्यात पडला. मी पॉलिश पेपर शोधायच्या निमित्तानं शेडच्या मागे गेलो आणि डोळे पुसून आलो.

भाऊजी आता चाकाचे झाले आहेत. अधूनमधून वळण चुकतात, मग धक्क्यावरचे लोक पातेल्याचं झाकण आणून देऊ का म्हणून ओरडतात. करंगळीचं काय करायचं विचारलं तर म्हणतात बघू, आणि मला तो शब्द ऐकून बरं वाटतं. खोक्याच्या खालच्या अंगाला कुसळाची ती कड अजून तशीच आहे, कोणाच्या नजरेला पडत नाही. निघण्याआधी भाऊजी रोज तिथं एकदा बोट टेकवतात. माझ्या शेडमधून बाहेर पडलेल्या होड्यांत तेवढी एकच कड मी घासलेली नाही.