जावक नंबर सहाशे चौदा

तुमच्या मासिकाच्या या सदरातले अनुभव मी कॉलेजच्या वाचनालयात वाचतो आणि खरं सांगायचं तर मित्रांसोबत हसतो. आज माझंच पत्र तुमच्याकडे येत आहे... लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले.

भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी लहान होतो. बाबांनी त्या दिवसापासून अंगारे, नवस, भगत सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं. त्यात मी सायन्सचा विद्यार्थी. पण जे झालं ते झालं. जसं घडलं तसं लिहितो.

आमचं गाव चिखली तालुक्यात, जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन मैल आत. मॅट्रिकच्या पुढे गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. मामा जालन्याला नोकरीला होते, म्हणून बी.एस्सी.चं पहिलं वर्ष तिथल्या एका कॉलेजात केलं. मग मामांची बदली नांदेडला झाली, आणि दुसऱ्या वर्षासाठी मला बुलढाण्याला यावं लागलं. जालना एका विद्यापीठात, बुलढाणा दुसऱ्या. त्यामुळे माझं पहिलं वर्ष इथे धरलं जाण्यासाठी जुन्या कॉलेजचा दाखला हवा होता — टर्म भरल्याचा, प्रॅक्टिकल पूर्ण केल्याचा. हा दाखला विद्यार्थ्याच्या हातात देत नाहीत, एका कॉलेजकडून दुसऱ्या कॉलेजला टपालाने जातो. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आपला दोन महिने गावच्या पोस्टमनची वाट बघत बसलो!

ऑगस्टातल्या एका मंगळवारी बुलढाण्याच्या क्लार्कसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "तुमचा दाखला आला नाही. शनिवारी यादी विद्यापीठात जाते. तोवर कागद नसेल तर तुमचं नाव पहिल्या वर्षात घालावं लागेल."

पुन्हा पहिलं वर्ष... बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तीन वर्स कसेबसे काढीन बाबू. चौथं माह्याच्यानं होत नाई." म्हणजे शनिवारी माझं शिक्षण संपणार होतं.

बुधवारी सकाळच्या एस.टी.ने जालना गाठलं. खिडकीपाशी अॅडमिशनची ही गर्दी. दुपारी दोन-अडीचला माझा नंबर लागला. तिथले क्लार्क घामाने भिजले होते.

"दाखला कधीच गेला. तुझ्या कॉलेजला गेला."

"पण तिथे आला नाही, साहेब."

"मग जावक नंबर सांग. काय गेलं, कुठं गेलं, सगळं जावक रजिस्टरात असतं. नंबर असला तर दोन मिनिटांचं काम. नाही तर अशी चार रजिस्टरं चाळायला मला आठवडा लागंल. चल, पुढचा ये!"

नंबर मला कोण देणार? तो त्या रजिस्टरातच होता. संध्याकाळी घरी आलो आणि झोपून गेलो. नंबरचं कोणाला सांगितलंही नाही, कारण सांगून कोणाला कळणार होतं?

गुरुवारी सकाळी माय चुलीपुढची जागा सारवत होती. माय शाळेत एक दिवससुद्धा गेलेली नाही. चिखलीच्या बाजाराच्या पलीकडे तिने गाव पाहिलेलं नाही. सारवता सारवता ती थांबली आणि ओल्या जागेत बोटाने काहीतरी काढू लागली.

"उत्तम, इकडं ये रे. हे काय व्हय?"

मी वाकून पाहिलं. इंग्रजी आकडे होते. सहा आणि एक सरळ, चार मात्र कुशीवर पडलेला.

"माय, हे तुले कोनं शिकवलं?"

"कोन शिकवते मले? काल दुपारी वावरात निंदाले बसली होती. तं सारखं हेच डोळ्यापुढं येऊन राह्यलं होतं. म्हटलं, ऊन लागलं असन. पन आजबी जाऊन नाई राह्यलं."

काल दुपारी... म्हणजे मी खिडकीपाशी उभा होतो तेव्हा.

शेजारचे गुलाबकाका विस्तव मागायला आले होते. ते एकदम खूश! "वयनी, हा तं आकडा व्हय! चिखलीत लावून येतो. लागला तं अर्धा तुमचा."

"चूप बस बे गुलाब," बाबा बाहेरूनच ओरडले. "देव सोडले, आता काय मटका धरू?"

मी बाबांना जावक नंबरचं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली विडी विझवून कानामागे ठेवली. मग म्हणाले, "हे काई खरं नाई. पन खिडकीवर इचाराले काई लागत नाई. जाय."

पुन्हा तीच एस.टी., तीच खिडकी. क्लार्कने मला ओळखलं.

"आणला का नंबर?"

"सहाशे चौदा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मोठ्यानं बोल की!"

"सहाशे चौदा."

त्यांनी एक रजिस्टर ओढलं, पानं उलटली आणि ओळींवरून पेन खाली नेला. मी दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले होते. पेन थांबला आणि त्यांनी माझं पूर्ण नाव वाचलं. बापाच्या नावासकट. "टर्म आणि प्रॅक्टिकलचा दाखला. गेला खामगावला. खामगावच्या कॉलेजला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उन्हाळ्यात जालन्याचं कॉलेज सोडताना मी फॉर्म भरला, त्यात 'पुढे कोठे शिकणार' असा रकाना होता. तेव्हा मला खामगावचंच कॉलेज ऐकून माहीत होतं, म्हणून तेच लिहिलं. नुसती चौकशी असेल असं वाटलं. कागद तिकडेच जाईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नाही.

"नंबर कुठून मिळाला रे?" क्लार्कने सहज विचारलं.

"घरून," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

शुक्रवारी खामगाव. तिथल्या कपाटात माझं पाकीट तसंच पडून होतं — "या नावाचा विद्यार्थीच नाही, परत धाडणार होतो," असं म्हणत तिथल्या क्लार्कने वर पत्ता बदलून, शिक्का मारून, टपालाने वेळेत पोचणार नाही म्हणून ते बंदच माझ्याजवळ दिलं. शनिवारी अकराच्या आत मी बुलढाण्याला. क्लार्कसाहेबांनी पाकीट फोडलं, माझं नाव दुसऱ्या वर्षाच्या यादीत लिहिलं आणि म्हणाले, "सोमवारपासून प्रॅक्टिकलला बसा. बॅच 'बी'."

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. मी खूप विचार केला. आमच्या घरी कॉलेजचं पत्र आलं असेल का? पोस्टमनला विचारलं, नाही. मी झोपेत बडबडलो असेन? पण तो नंबर मीही कधी पाहिला नव्हता. निव्वळ योगायोग म्हणावा, तर तीन आकडे, तेही त्याच क्रमाने, न शिकलेल्या बाईच्या बोटातून? मायला नंतर कधीच असं काही दिसलं नाही. विचारलं की म्हणते, "मले तं आता तो आठवतबी नाई."

शेवटी गेल्या दिवाळीत बाबांनाच विचारलं. "बाबा, तुम्हाले काय वाटते? हे काय असन?"

ते कापसाची गाठोडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "मले काऊन इचारतं? सायन्स तू शिकून राह्यला. शोध की."