सावनेरपर्यंतची बारी

नागपुरात सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत वच्छलाबाईंचं बाइंडिंगचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात कटिंगची मशीन, स्टोव्हवर खळीचं पातेलं. कॉलेजवाल्यांचे प्रबंध सून काजल बांधते, त्यांच्यावर सोनेरी अक्षरं छापते. बाईंकडे येणारं गिऱ्हाईक वेगळं. कुठल्यातरी खेड्यातला जाणता, म्हणजे साप-विंचू उतरवणारा, नजर काढणारा माणूस, फडक्यात गुंडाळलेली पोथी घेऊन पायरीवर बसतो. पोथी शिवायची असतेच, पण पोटातला प्रश्न दुसराच असतो.

"बाई, हे कामाची हाये का?"

बाई बौद्ध घरातल्या. मंत्राबिंत्रावर आपला विश्वास नाही, हे त्या चहा सांगायच्या आधीच सांगून टाकतात. तरी लोक येतात. पोथी टेबलावर पाठीवर उभी करायची आणि दोन्ही हात सोडून द्यायचे, एवढंच बाई करतात. पोथी जिथं आपसूक उघडते, तिथं ती वापरलेली. मग बोट फिरवून हळद कुठं, तेल कुठं, दिव्याची काजळी कुठं, ते पाहायचं. एका शास्त्रीबुवांची भारी पोथी कुठंच उघडली नाही, नुसती आडवी पडली. बाई म्हणाल्या, "हे फक्त पूजेत ठेवलेली हाये, महाराज." दुसरी एक पोथी धाडकन गुप्तधनासाठी बळी द्यायच्या पानावर उघडली, आणि ते पान हातांनी काळं पडलेलं. ती बाईंनी शिवली नाही. आणणाऱ्याकडे न पाहता परत दिली आणि चार दिवस नीट जेवल्या नाहीत.

यंदा नागपंचमीला आठ दिवस असताना सावनेरजवळच्या खाप्याहून भैय्याजी आला. चाळिशीचा माणूस, पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा, बोटांना तांब्याच्या तारेचे चरे. त्याचे वडील बापूजी सापाची बारी म्हणायचे. बारी म्हणजे साप चावलेल्या माणसाजवळ बसून गायचं लांबलचक गाणं. बापूजी शिमग्यात गेले. आता गाव म्हणत होतं, नागपंचमीला बापाच्या जागी पाटावर बस.

भैय्याजीनं दोन वस्तू टेबलावर ठेवल्या. एक सहाशे पानांचा छापील ग्रंथ, नवा कोरा, मोबाईलवरून मागवलेला. दुसरी बापाची वही, कडा कुरतडलेली.

"यातली कोणती कामाची, तेवढं सांगा मावशी. मले बसाचं हाये."

"काहून बसाचं? मोटारी बांधता तं बांधा ना."

"मी नाई बसलो तं लोक नदीपल्याडच्या जाणत्याकडे जातीन. तो पेशंटले सकाळवरी अंगणातच बसवून ठेवते, लिंबाचा पाला चारते. मागच्या महिन्यात एक बाई माह्या दारात आणली होती. मी नुसता उभा राह्यलो. तिचा भाऊ शहाणा, तिले घेऊन दवाखान्यात पळाला, म्हणून वाचली. आता लोक म्हणतेत, बापाची विद्या बुडाली. पुढच्या खेपेले माह्या दारात येणार नाई, तिकडेच जातीन."

काजलनं मशीन थांबवली. "मंग तुम्हीच न्या ना दवाखान्यात."

"ऐकतेत का कोणी, ताई? जाणता म्हणीन तेच ऐकतेत. अन् मी जाणता नाई."

बाईंनी आधी ग्रंथ उभा केला. तो तसाच ताठ उभा राहिला. बाई हसल्या. "याले आतापर्यंत कोणी हातच नाई लावला. छापणाऱ्यानंई."

मग वही. ती उभीच राहीना. पाठीवर टेकवली की अंग टाकून द्यायची, आणि दर वेळी वेगळ्या पानावर. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी चष्मा पुसला, परत ठेवली. परत वेगळं पान.

"हे सगळीकडेच वापरली हाये," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यापासून, एकेक पान. असं मी पाह्यलं नाई कधी."

भैय्याजी म्हणाला, "पण तिच्यात मंत्रच नाई मावशी. पहिलं पान पाह्यलं मी. नुसते देवाचे नाव."

 बाईंनी वही कागदावर उलटी धरून झटकली. शिवणीतून धूळ पडली, बारीक, भुरकी. बाईंनी ती चिमटीत चोळली. "घरातली धूळ मऊ राह्यते. हे सडकेची हाये. अन् काजळीचा एक डाग नाई. दिव्यापाशी बसून वाचली नाई हे. अक्षर पाहा केवढालं, एका पानावर चारच ओळी. खालची कड वाकलेली, गुडघ्यावर धरल्यावानी. तुमचे वडील हे चालत्या गाडीत वाचत होते."

 बापूजी पेशंटबरोबर दवाखान्यापर्यंत जायचे ते भैय्याजीनं लहानपणापासून पाहिलं होतं. घरच्यांचा मान ठेवायला जातात, असं त्याला वाटायचं.

बाईंनी वही त्याच्याकडे सरकवली. "वाचा. मले देव समजत नाई. तुम्ही तिकडचे आहा."

त्यानं वाचलं.

"वेशीच्या मारोतीराया, इख बोटाशी धर,
लेकराचा डोळा नको लागू देऊ, जरा धीर धर."

पुढच्या पानावर नाल्याजवळची मरीमाय. तिच्या ओळीत इख, म्हणजे विष, चढू नये म्हणून पाय हलवू नको म्हटलेलं. मग वळणावरचा म्हसोबा, मग बिनछपराचा महादेव, आणि भैय्याजी पानं भराभर उलटू लागला. मोटारी पोचवायला तो रोज आपली पिकअप गाडी घेऊन ज्या रस्त्यानं जायचा, त्या रस्त्यावरचे सगळे देव एकामागून एक येत होते. सावनेर आलं. पाटणसावंगी आलं. कोराडीची जगदंबा आली. शेवटची ओळ नागपूरच्या मेयो दवाखान्याच्या फाटकात संपली, तिथं डॉक्टरला देव म्हटलं होतं.

"खोडलं कुठं कुठं, ते पाहा," बाई म्हणाल्या. "शाई वेगवेगळी हाये. एका दिवसाचं नाई ते."

नाल्याच्या दोन ओळी निळ्या शाईनं खोडलेल्या. भैय्याजीनं बोट ठेवलं. "इथं पूल झाला. पहिले गाडी फसे." पुढं आणखी तीन ओळी काळ्या शाईनं. "डांबर झालं." आणि सावनेरच्या पुढची सगळी पानं लाल रेघेनं, तिरपी, एका दमात खोडलेली. समासात बापूजींचं चौथी पास अक्षर होतं: सावनेरले सुई भेटते. "सापाचं इंजेक्शन. आता मेयोले जावं लागत नाई," भैय्याजी म्हणाला.

 पातेल्यातली खळ करपायला लागली, तरी काजल उठली नाही. पन्नास वर्षं एक माणूस रस्त्याएवढं गाणं बांधत होता, आणि रस्ता जसजसा आखूड झाला तसतसं स्वतःच्या हातानं कापत होता.

"म्हणून पाहा," बाई म्हणाल्या. "चालीत."

"चाल मले येत नाई."

"म्हणा तं."

त्यानं सुरू केलं आणि तिसऱ्या ओळीला चाल आपोआप आली. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असल्यासारखा फरशीवर दाबला जात होता, वळण आलं की सुटत होता. बाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. विश्वास नसलेली ती बाई हात जोडते की काय, असं काजलला वाटून गेलं. सावनेरची ओळ संपली तेव्हा भैय्याजीला घाम आला होता.

"इतकाच वेळ लागते," तो म्हणाला. "घरून दवाखान्यावरी. ना कमी ना जादा."

बाईंनी सुई ओवली. खोडलेली पानं काढू का, म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला, सावनेरची सुई कधी संपली तर लागतील. बाईंनी दोरा मेणावरून ओढला आणि शिवायला घेतलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गावाहून होता.

"हो, बसतो," भैय्याजी म्हणाला. "पण पाटावर नाई. मी स्टेअरिंगवर बसीन. पेशंट बाजूच्या सीटवर पाह्यजे, हे आजच सगळ्याइले सांगून ठेवा."