आतल्यानं विचारायचं नसतं

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. आमच्या घरात भूत, भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टींना कधीच थारा नव्हता. वडील गावच्या विहारात रविवारी मुलांना शिकवायचे. कुणी चिंचेखाली काही दिसल्याचं सांगितलं, की त्याला दुसऱ्या दिवशी तिथंच भाकर खायला बसवायचे. "दिसलं का काई?" "नाई." "मंग जेव आता गुमान." मी त्या माणसाची मुलगी. वाशीमच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. असे अनुभव मी आजवर गोष्टी म्हणून वाचले, काही आवडलेही... पण खरे मानले नाहीत. आजही मानते असं म्हणवत नाही. जे घडलं तेवढं लिहिते.

आमच्या वाशीमकडच्या मालेगावहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्याला सोयाबीनवर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे. नाव देत नाही, चौकशी अजून चालू आहे. माझा धाकटा भाऊ सुगत तिथे कामाला होता. कंपनीचा नव्हे, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. गेट कंपनीचं, माल कंपनीचा, हुकूम कंपनीचा, फक्त माणूस कॉन्ट्रॅक्टरचा. हा फरक केवढा असतो ते तो गेल्यावर कळलं.

कारखान्याच्या आवारात पत्र्याच्या उंच गोल टाक्या आहेत. त्यात सोयाबीन साठवतात. माल ओलसर आला की आत त्याची ढेप धरते आणि खालून तो बाहेर पडेनासा होतो. मग एक माणूस वरच्या झाकणातून दोर बांधून आत उतरतो आणि पहारीनं ढेप फोडतो. दुसरा वर झाकणापाशी बसतो. आत माणूस असताना खालचं मशीन सुरू होऊ द्यायचं नाही, हे त्या वरच्याचं काम. मशीन सुरू झालं की माल खाली ओढला जातो, आणि मालासोबत माणूसही.

आत धूळ एवढी, की वरून काही दिसत नाही आणि हाक पोचत नाही. म्हणून त्या माणसांनी आपली एक रीत पाडली होती. वरचा लोखंडी पान्यानं पत्र्यावर दोन ठोके मारायचा. म्हणजे "हायेस का?" आतला पहारीनं उत्तर द्यायचा. उत्तराचा ठोका ज्याचा त्याचा वेगळा, आवाजावरून माणूस ओळखू यायचा. सुगतचा ठोका दोन, जरा थांबून एक. तो मला लहानपणापासून ठाऊक होता. आमच्या घरात मधली भिंत टिनाची. दहावीला मी पलीकडे वाचत बसले की हा टिन वाजवायचा... दोन, जरा थांबून एक. "ताई, जिती हायेस का पुस्तकात?" मी बोटानं टिचकी मारेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

वर बहुतेक देविदास असायचा. शेजारच्या गावचा, दोन एकर कोरडवाहू असलेला, सुगतहून थोडा मोठा. दोघांची सतत थट्टा चालायची. आमच्या अंगणात चहा पिताना सुगत म्हणायचा, "देवाभाऊचा ठोका म्हंजे म्हशीनं बादलीले लाथ मारली."

"अन् तुह्या ठोक्याले काय झालं बे? मधातच झोपी जातं ते."

"झोपत नाई. तू वर हायेस का डुलक्या घेऊन राह्यला, ते पाह्यतो."

"पाह्यचं नसते तुवा," देविदास म्हणायचा. "आतल्यानं इचारायचं नसते. इचारायचं वरच्यानं. आतल्यानं कायले इचाराव? वर माणूस असतेच."

ते वाक्य तेव्हा मी ऐकलं आणि कप उचलून आत गेले.

दिवाळीनंतर मालाची गर्दी असते, त्या दिवसांत सुगत गेला. टाकीत असताना खालचं मशीन सुरू झालं. तपशील लिहीत नाही.

कंपनीचं म्हणणं असं, की तो कुणाला न सांगता, वर माणूस नसताना, स्वतःच्या मर्जीनं आत उतरला. चूक त्याची. कॉन्ट्रॅक्टरचंही म्हणणं तेच. आणि वर माणूस होता की नव्हता हे ज्याला नक्की ठाऊक, तो देविदास गप्प. विहारात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आला, मागे बसला, आईच्या पाया पडला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. आई एवढंच म्हणाली, "माहा पोरगा पाणी प्याले गेला तरी सांगून जाये."

बाकीच्या कामगारांनी टाकीत उतरायचं बंद केलं होतं. मागणी एकच. आत माणूस असेल तोवर वर माणूस पाहिजे, आणि त्याला तिथून कुणी हलवायचं नाही. गर्दीच्या दिवसांत वरचा माणूस सर्रास ट्रक भरायला खाली बोलावला जात होता, असं ते सांगत. मॅनेजरनं उत्तर पाठवलं, की असं काही घडत नाही. पटत नसेल तर कॉन्ट्रॅक्टर परजिल्ह्यातून माणसं आणील. चौकशीत सुगतची चूक ठरली असती तर त्या मागणीत काही उरलंच नसतं. माणसं पुन्हा एकएकटी आत गेली असती.

चौकशीचे अधिकारी थंडीतल्या एका सकाळी आले. घरच्यांपैकी मला बोलावलं होतं. आभाळ भरलेलं होतं, हवा पडलेली. त्या दिवशी कारखाना बंद ठेवला होता, त्यामुळे आवारात विलक्षण शांतता. ती टाकी अपघातानंतर रिकामी करून बंद केलेली. आम्ही तिच्या पायथ्याशी उभे होतो... अधिकारी, मॅनेजर, मी, देविदास आणि जरा मागे कामगारांचा घोळका.

अधिकाऱ्यांनी देविदासला विचारलं, "तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"

देविदासनं मॅनेजरकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "ट्रकवर होतो साहेब. तो आत हाय, मले मालूम नोयतं."

घोळक्यात कुणीतरी घसा खाकरला. मला राग आला नाही. मी फक्त त्याच्या हातातल्या पान्याकडे बघत राहिले. तो पाना त्यानं का आणला होता कोण जाणे. सवयीनं आणला असेल.

"ते ठोक्याचं काय म्हणतात ही मंडळी?" अधिकारी म्हणाले. "वर चढायला नको. इथेच पत्र्यावर दाखवा."

देविदासनं पाना उचलला. पत्र्याजवळ नेला. पण पाना पत्र्याला लागण्याआधीच आतून दोन ठोके आले.

घाईचे नाहीत, मोठेही नाहीत. लोखंडावर लोखंड ठेवावं तसे स्वच्छ. सगळ्यांनी ऐकले. अधिकाऱ्यांनी देविदासच्या हाताकडे पाहिलं. तो हवेतच होता.

"उंदीर असतील," मॅनेजर म्हणाला.

पुन्हा दोन ठोके. माझ्या मागे एक म्हातारा हमाल होता. तो अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, "हा तं वरच्याचा ठोका हाय. इचारून राह्यला आतून."

देविदासचं तोंड पांढरं पडलं होतं. मग त्यानं ठोकलं. वेडंवाकडं, धडधड, सुगत चिडवायचा तसंच. म्हशीनं बादलीला लाथ मारावी तसं.

थोडा वेळ काहीच नाही. मग आतून... दोन. जरा थांबून एक.

माझी उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली होती, टिचकी मारताना मिटतात तशी. ते मला नंतर कळलं.

देविदास खाली बसला. पाना मांडीवर ठेवून म्हणाला, "साहेब, मी वर होतो. मीच त्याले उतरवलं, मीच दोर धरला. सुपरवायझरनं हाक मारली, ट्रक लागले म्हणे, ये खाली. मी म्हंतलं, आत माणूस हाय. तो म्हणे, त्याले काय होते, दोन मिनिटात जाशीन वापस. मी सुगतले न सांगता उतरलो. त्याले वाटलं, मी वरच हावो." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, सुपरवायझर म्हणे, बोलला तं पुढच्या सीझनले येऊ नको."

मॅनेजर काही म्हणायला लागला. अधिकाऱ्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि टाकीचं खालचं दार उघडायला लावलं. बोल्ट काढायला वेळ लागला. मीही वाकून पाहिलं. आत काही नव्हतं. तळाशी सोयाबीनची थोडी सालं, आणि वरच्या झाकणाच्या फटीतून येणारी उजेडाची एक रेघ. पहार तर पोलिसांनी केव्हाच नेली होती.

पत्रा उन्हानं तापला की आवाज करतो, असं मला नंतर एका शिक्षकांनी समजावलं. मीही पुस्तकं काढून वाचलं. खरं आहे, करतो. पण त्या सकाळी ऊन नव्हतं. आणि तापलेला पत्रा उत्तरासाठी थांबतो, असं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

प्रकरण पुढे गेलं आहे. अधिकाऱ्यांनी ठोक्यांबद्दल काहीच लिहिलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं. देविदासचा जबाब मात्र लिहिला गेला, आणि मागून आणखी तिघांनी तसेच दिले. देविदासचं काम गेलं. बाकीच्यांनी त्याला परत घेतल्याशिवाय गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं, तेव्हा त्याला परत घेतलं गेलं. आता टाकीत माणूस असतो तेव्हा वर माणूस असतो. सध्या तरी असतो. कंपनी ती आपली मेहेरबानी असल्यासारखं बोलते.

वडील असते तर त्यांनी मला भाकर बांधून त्या टाकीपाशी नेलं असतं. मी एकदा गेलेही, दुपारी, गेटवर परवानगी काढून. काही ऐकू आलं नाही. येताना देविदास मालेगावच्या स्टँडपर्यंत सोबत आला. गाडी लागायची होती. तो म्हणाला, शिफ्ट सुटली की तो त्या रिकाम्या टाकीपाशी जातो आणि आपला ठोका मारतो. इचारत नाही, नुसता सांगतो. मी हावो म्हणून.

"मग?" मी विचारलं. "उत्तर येतं?"

त्यानं फलाटावरच्या पाटीकडे पाहिलं.

"थांबून ऐकाची हिंमत नाई होत, ताई."

मला जे छळतं ते एवढंच. त्या सकाळी काय वाजलं, कसं वाजलं, ते नव्हे. त्या टाकीत, माल पायाखालून सरकायला लागला तेव्हा, माझ्या भावानं रीत मोडून विचारलं असेल. दोन ठोके. मग पुन्हा दोन.

तेव्हा वर कुणी नव्हतं.