कानावरचे सपाट केस

समजा, शंभर वर्षांहून जुना चांदीचा डॉलर तुमच्या हातात आहे. बोटं फक्त कडेला लावा. दिव्याखाली धरा आणि हळूच तिरका करा. त्यावरच्या बाईच्या कानावरचे केस बघा. सपाट आहेत ना? आता सांगा, हे केस माणसांच्या खिशांत घासून झिजले, की टांकसाळीतच ते नीट उमटले नव्हते?

त्या रविवारी दुपारी भिंगवालीला हेच ठरवायचं होतं.

भिंगवाली बुटांच्या कारखान्यात, सोल छापणाऱ्या प्रेसवर कामाला. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग, म्हणून हे नाव. तिच्या नाण्यांच्या अल्बममध्ये एकच गोल रिकामा होता. त्या गोलाखाली छापलेलं साल, तीच टांकसाळ आणि नाणं न झिजलेलं, एवढीच तिची अट. कित्येक वर्षं शोधूनही मिळालं ते झिजलेलंच.

तिचा धाकटा दीर शाळेची बस चालवतो. नाण्यांचं वेड त्यालाही आहे. दोघांत पैशाचा व्यवहार नाही, नुसती अदलाबदल. हातावर हात पडला की माघार नाही.

"वहिनी, हे बघा तुमचं साल," दिराने नाणं टेबलावर ठेवलं. "पण पार घासलंय हो. तुमच्याकडे दोन-दोन आहेत त्यांतलं एखादं द्या, सौदा पक्का."

"आधी बघू तर द्या, भावजी."

तिने दिवा ओढला, भिंग डोळ्याला लावलं. कानावर सगळं सपाट. नाण्याच्या मागच्या बाजूला गरुड, त्याची छातीही सपाट, एक पीस दिसेल तर शपथ. पण नाणं तिरकं केलं तशी चमक कडेपासून निघाली, गालावरून सरकली आणि त्या सपाट जागेवरूनही पुढे गेली. जराशी मंदावली, पण तुटली नाही. झिजलेल्या जागी चमक मरते, तिथे करडा डाग दिसतो. इथे डाग नव्हता. उलट त्या सपाटीवर बारीक ओरखडे होते, ठसा मारण्याआधी कोऱ्या चकतीवर असतात तसे. ठसा तिथपर्यंत टेकलाच नव्हता!

आता फक्त गप्प बसायचं आणि हात पुढे करायचा.

"काय म्हणता?" दिराने हात पुढे केलाच होता.

"अहो भावजी, हे झिजलेलंच नाही!" ती खुर्चीवरून उठलीच. "टांकसाळीतून निघालं तस्सं आहे! हे ओरखडे बघा, हे चकतीचे आहेत! झिजलं असतं तर सगळ्यात आधी हेच गेले असते!"

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली.

दिराने भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. मग पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि नाणं उचललं.

"मग मी कशाला देऊ?"

ओट्याशी चहा करत उभा असलेला तिचा नवरा हसून हसून वाकला. "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोन मिनिटं गप्प बसली असती तर अल्बम भरला असता!"

"तुम्ही चहा ढवळा," भिंगवाली म्हणाली. पण तिला राग आलाच नव्हता. रिकामा गोल रिकामा राहिला, हे खरं तर तिच्या डोक्यात अजून शिरलंच नव्हतं. तिचे डोळे त्या नाण्यावरच.

"भावजी, आमच्या प्रेसवर टाचेची नक्षी कधीकधी अशीच अर्धवट येते. साच्याचे दोन भाग नीट जवळ आले नाहीत तर येते. नाहीतर रबर कमी पडलं तर."

"बरं, मग?"

"मग घरी जाऊन त्याचं वजन करा ना! चकतीच पातळ असेल तर हलकं भरेल."

"वजन करतो, पण नाणं देणार नाही हां, वहिनी."

"नका देऊ हो! पण फोन करा, आजच्या आज."

तो जिना उतरू लागला तशी ती चपला न घालताच मागे धावली आणि कठड्यावरून ओणवी झाली.

"आणि वजन बरोबर भरलं, तर मग सांगा, टांकसाळीत प्रेस लावणाऱ्याने दोन ठसे एकमेकांपासून एवढे लांब का ठेवले असतील?"