लाईट गाळणारे भाऊ

अगं पोरी, फोन कानाला धर नीट, नुसतं हां हां काय करतीस? शेजारच्या भाऊंचं सांगते. गाण्याच्या मशीनला साफ लाईट देणारा जड डबा हाय त्यांच्याकडं, पावर कंडिशनर म्हणतात. शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की आमचे स्पीकर घुरघुरतात, त्यांचे न्हाई. डब्यावर टिचकी मारून म्हणतात, “लाईट गाळून घ्यावी, चहासारखी!”

तुझी मावशी गेली, तिच्या आवाजाची एकच कॅसेट उरली. परवा लावली, तर घुरघुरीत शब्दच कळंना. मी हाक मारली, तशी भाऊंनी स्वतःचं रंगात आलेलं गाणं बंद केलं, डबा खांद्यावर घेऊन आले. मावशी लख्ख गायली, मधेच खुदकन हसलीसुद्धा! मी आवाज वाढवाय गेले, तेवढ्यात भाऊ म्हणाले, “आक्का, लाईट साफ हाय, सूर न्हाई!” लई हसलो आमी. लवकर ये बाई, तुलाबी ऐकवते.