साडेचार सूत

चंद्रप्रभाबाईंना जीप चालवता येत नव्हती आणि दुरुस्तही करता येत नव्हती. तरी दिल्लीत पश्चिम विहारच्या त्या तळमजल्यावरच्या घरात जीपची जेवढी माहिती त्यांना होती तेवढी दुसऱ्या कुणालाच नव्हती. ती माहिती डोक्यात नव्हती, हातात होती. बत्तीस वर्षं दर रविवारी सकाळी श्यामकांतराव जीपखाली आडवे आणि या बाहेर स्टुलावर, एका हातात टॉर्च, मांडीवर कॅनव्हासची पान्यांची गुंडाळी. खालून हात यायचा. काळा, तेलकट, तळवा वर केलेला.

"साडेचार सूत."

जुन्या जीपचे नट इंचांतले, त्यामुळे पानेही सुतांत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजायचे. बाई न बघता गुंडाळीत बोटं घालायच्या आणि पाना त्या तळव्यावर ठेवायच्या.

"प्रभे, हा पाचचा दिलास."

"साडेचारचाच आहे. तुमचा नट झिजलाय."

"नट झिजत नसतो, माणूस झिजतो. दे दुसरा."

दुसरा दिला की तो बसायचा नाही, आणि खालून गुपचूप पहिलाच परत मागितला जायचा. मग बाई टॉर्च मुद्दाम त्यांच्या डोळ्यांवर मारायच्या.

एकोणऐंशी सालची ती पेट्रोल जीप. श्यामकांतराव केंद्र सरकारच्या पाणी खात्यात इंजिनिअर. याच जीपमधून त्यांनी चंबळेकाठची मापं घेतली, सुट्टीत कधी बाईंनाही तिकडे नेलं, आणि खात्यानं ती लिलावात काढली तेव्हा घरी विचारायच्या आधीच घेऊन आले. मग बाईंना कोपर्निकस मार्गावर सोडायला तीच. तिथल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात बाई काउंटरवर होत्या, साडेआठची ड्यूटी. आणि रोज निघताना, बाई डाव्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या की साहेबांचं ठरलेलं, "थांब, सुपारी राहिली." की पुन्हा आत.

"सुपारीपायी एक दिवस माझी नोकरी जाईल हो!"

"सुपारीशिवाय ही सुरूच होत नाही, त्याला मी काय करू?"

मग दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद झाला. जीप घरामागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. तरी रविवार चुकला नाही. उभ्या गाडीचीच दुरुस्ती, उभ्या उभ्याच इंजिन सुरू करून ऐकणं. चार वर्षांपूर्वी श्यामकांतराव गेले आणि तो आवाजही थांबला.

मुलगा जयदीप मानेसरला, गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला. त्यानं धावपळ करून जीपचं ना हरकत पत्र काढलं. नाशिकचा चुलतभाऊ सुजय ती नेणार, तिकडे नव्यानं नोंदवणार, चालवणार. रविवारी अकराला ट्रक यायचा होता.

"आणि सुरू झाली नाही तर?" बाईंनी विचारलं.

"तर क्रेन है ना आई. उचलून ठेवतील. डोण्ट वरी."

"उचलून नाही न्यायची. या घरातून उचलून एकदाच न्यायचं असतं, ते नेलं. ही आपल्या पायांनी जाईल."

जयदीपनं नवी बॅटरी आणली, ताजं पेट्रोल आणलं. शुक्रवारी मायापुरीचा म्हातारा मिस्त्री आला. त्यानं बॉनेट उघडलं, करंट वाटणाऱ्या डब्याची काळी टोपी काढली आणि आत बघून हसला.

"माताजी, इसमें तो रोटर ही नहीं है. किसी ने निकाल लिया."

"चोरी?"

"चोर पूरी गाड़ी ले जाता. ये तो मालिक का काम है, चोरी से बचाने को. फ़ौजी लोग करते थे. साहब रखते कहाँ थे?"

रोटर म्हणजे अंगठ्याएवढी तपकिरी वस्तू. तो बसला तर प्लगांना करंट, नाही तर लोखंडाचा ढीग. मिस्त्रीनं शनिवारी सकाळी काश्मिरी गेटहून दोन आणून बघितले. एक सैल, एक घट्ट. "असली ढूँढो," म्हणाला आणि प्लग, कार्ब्युरेटर साफ करायचं सोडून दुसऱ्या कामावर निघून गेला.

बाईंनी श्यामकांतरावांचं टेबल पालथं घातलं. कोटांचे खिसे तपासले. रेडिओच्या मागचं झाकणसुद्धा काढलं. जयदीप फोनवर म्हणाला, "आई यार, सोड. क्रेनला सांगून ठेवतो." बाईंनी फोन ठेवला आणि स्टूल उचलून गल्लीत नेलं.

दुपारचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. बाई स्टुलावर बसल्या, मांडीवर गुंडाळी उघडली. हातांनाच विचारू म्हणाल्या, हात विसरत नाहीत. आधी प्लगचा पाना, हो. त्या उठल्या, पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा बॉनेटखाली वाकल्या. एकेक प्लग काढून पॉलिश कागदानं घासला. त्यानंतर ते काय मागायचे? साडेचार सूत. कार्ब्युरेटरचे दोन नट. पुढे पेचकस. पुढे पक्कड. एकेक मागणं आठवलं की पुढचं काम आपोआप समोर दिसायचं. मागणाराच नव्हता, म्हणून त्या स्वतःच म्हणायच्या, मोठ्यानं, त्यांच्यासारखं जरा दरडावून. एकदा वाकलेल्या असताना "साडेचार सूत" म्हणाल्या आणि हात मागे पसरला. तळवा वर. पसरलेला तो हात बराच वेळ तसाच राहिला. कुणी त्यावर काही ठेवलं नाही. मग त्यांनीच वळून पाना घेतला.

शेवटी चिंधी. चिंधी झाली की ते नळावर हात धुवायचे, आत जायचे, गालात सुपारी धरून बाहेर यायचे, बॉनेटखाली एकदा हात घालायचे, आणि मगच चावी.

चिंधी बाईंच्या हातातच राहिली.

सुपारीचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा डबा आतल्या खोलीत वरच्या फळीवर होता. चार वर्षं बाई त्याच्यावरची धूळ पुसत होत्या, झाकण उघडत नव्हत्या. त्या स्वतः सुपारी खात नव्हत्या हे एक. आणि उघडला की आतला श्यामकांतरावांचा वास निघून जाईल, हे खरं. आता स्टुलावर चढून तो खाली घेतला, पलंगावर ठेवला. झाकणावर हात ठेवून जरा बसल्या. मग एकदाच काय तो दीर्घ श्वास घेतला आणि उघडला. कात, लवंग, जुनं लोखंड. अडकित्ता, वाळलेली खांडं, आणि तळाशी रुमालाच्या तुकड्यात बांधलेली तपकिरी वस्तू.

"लबाड," बाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं मला उशीर केलात."

रविवारी सकाळी जयदीपनं रोटर बसवला. चोक ओढला, चावी फिरवली. जीप खोकली, गप्प झाली. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा अख्खा पत्रा थरथरला आणि ती धडधडत सुरू झाली. समोरच्या शर्माजींच्या बाल्कनीतून "अरे वाह, चंद्राजी!" असं कुणीतरी ओरडलं. बाईंनी ऐकलं नाही. डोळे मिटून त्या इंजिन ऐकत होत्या. जयदीपनं चोक आत ढकलला तसा आवाज खाली बसला, सारखा, जुना.

"बस ना आई. ट्रकवर चढवतो."

त्या डावीकडून चढल्या, पर्स मांडीवर घेतली. गल्लीच्या टोकाला ट्रक उभा होता. दीडशे पावलं असतील नसतील. जीप फळ्यांवरून वर चढली तेव्हा त्यांनी समोरची दांडी घट्ट धरली, चंबळेच्या उतारावर धरत असत तशी. इंजिन बंद झालं. ट्रकवाल्यानं साखळ्या आवळल्या. जयदीप कागदांवर सह्या करायला खाली उतरला आणि बाईंनी सीटवरून उतरून बॉनेट उघडलं.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्यावर जयदीपला आठवलं.

"आई, चावी दिली, पेपर्स दिले. पान्यांची गुंडाळी?"

"आहे माझ्याजवळ."

"आणि रोटर?"

बाईंनी मूठ उघडली.

"आई! अगं, त्याच्याशिवाय सुजय ती सुरू कशी करणार?"

"नाही करणार. माझं नाशिकचं तिकीट काढ."

"कुरियरनं जाईल ना ती छोटीशी चीज़!"

"कुरियरवाला टॉर्च धरणार आहे का?" बाई म्हणाल्या. "सुजयला फोन लाव. म्हणावं, पहिल्या रविवारी गाडीखाली तो जाईल, बाहेर मी बसेन. आणि एक स्टूल काढून ठेव म्हणावं, बुटकं."

जयदीप फोन लावत राहिला. बाई परत गल्लीत आल्या. पत्र्याखाली चार चाकांच्या खुणा होत्या, मधोमध तेलाचा काळा डाग, माणूस आडवा होईल एवढाच लांब. त्यांनी आपलं स्टूल त्याच्या कडेला ओढलं, बसल्या आणि मांडीवरच्या गुंडाळीतून, न बघता, साडेचार सुताचा पाना काढून पुसत राहिल्या.