कानाच्या पाळीची खूण

परवा भाच्याने नव्या हॉकी स्टिकला जवसाचं तेल चोळलं आणि त्या वासासरशी मी थेट निजामाच्या राजवटीतल्या जालन्यात, कुंडलिका नदीकाठच्या मैदानावर जाऊन उभा राहिलो, तेही हाफचड्डीत.

रंगनाथराव आमचे ड्रिल मास्तर. जालन्याला हॉकी त्यांनीच शिकवली, हे त्यांचे वैरीही मानतात. त्या दिवशी जिंकणारा संघ हैदराबादला खेळायला जाणार होता. समोर कापसाच्या जिनिंग कारखान्याचा, म्हणजे जिनिंगवाल्यांचा संघ होता आणि आमचा कप्तान मी. मास्तरांनी आम्हाला एक गुपित खूण दिली होती. कप्तानाने कानाची पाळी ओढली की चेंडू डावीकडे जाणार. मी नटाच्या ऐटीत पाळी ओढली, तर जिनिंगवाले आधीच डावीकडे धावले. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मैदानाच्या कडेला मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत उभे होते.

आम्ही हरलो. माझा गुडघा फुटला होता. मास्तर रुमाल घेऊन आले.

"मास्तर, खूण तुम्ही सांगितली न्हाई ना त्यांना?"

"पाय इकडं कर."

"सांगा ना."

"जिनमध्ये मला पक्की नोकरी देऊन राह्यलेत रे," ते खालमानेने म्हणाले.

आज त्यांना कुणी देव म्हणतं, कुणी गद्दार, आणि दोन्ही बाजू साक्षीला मलाच बोलावतात. मी रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. एवढंच सांगत नाही, की सगळं कळल्यावरही मी पाय पुढे केला आणि त्यांनी इतक्या हळुवार हाताने गुडघा बांधला, की मला धड चिडताही आलं नाही.